कॉम्प्युटर पिकतो कुठे

आमच्या घरात कुठल्याही वस्तूची चौकशी एकाच प्रश्नाने सुरू व्हायची, ती पिकते कुठे. अण्णा, म्हणजे माझे वडील, राजेळी केळी, पानवेल आणि सोनचाफा यांवर जन्म काढलेला माणूस. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे पिकते, तिथे ती मातीमोल असते आणि मग ती प्रवासाला निघते. वाटेत हमाल, नाका, आडत्या, किरकोळवाला असा प्रत्येक जण आपापला घास काढून घेतो, आणि शेवटी दादरच्या बाईला ती दामदुपटीने मिळते. साबण, छत्री, गोदरेजच्या कपाटाला लावायचा रंग, सगळ्यांना हा नियम लागू होता. माझा चष्मा करायला गेलो तेव्हा त्यांनी दुकानदाराला काच पिकते कुठे असं विचारलं होतं. ते आठवलं की आता साठीच्या उंबरठ्यावरही माझी कानशिलं गरम होतात. त्यामुळे मला कॉम्प्युटर हवाय असं मी सांगितलं तेव्हा पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं. अण्णांनी हातातली पानांची जुडी खाली ठेवली, पाय मोकळे केले आणि विचारलं, "पिकतो कुठे?"

आमची वाडी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. स्टेशनाकडे इमारतींना इमारती चिकटत चालल्या होत्या, रोज नवीन बिऱ्हाडं उतरत होती, पण आमच्याकडे अजून विहीर होती, पंप होता आणि पंपाच्या तालावर चालणारा दिवस होता. पाऊस सरला की अंगणात बांबूचे मांडव पडायचे आणि त्यावर सोललेली राजेळी केळी सुकत पडायची. सुकेळी म्हटलं की लोक आता जिभल्या चाटतात. आम्हाला त्या शब्दाबरोबर कावळे आठवतात. कावळे हाकलणं हे घरातल्या रिकाम्या माणसाचं काम, आणि पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, म्हणजे मी, हे आमच्या घरातलं सगळ्यात रिकामं माणूस होतं. स्वयंपाकघरातही केळ्याचंच राज्य. कच्च्याची भाजी, फुलाची भाजी, पिकल्याची कोशिंबीर, आणि आईला सुचेनासं झालं की पिठात कालवून केलेलं काहीतरी गोड, ज्याला आम्ही नाव दिलंच नाही. पाहुण्यांना फार कौतुक वाटायचं. दुपारी चर्चची घंटा झाली की पलीकडच्या वाडीतली लुसीवहिनी कुंपणावरून मासळीचं कालवण द्यायची आणि बदल्यात, अर्थातच, केळी न्यायची.

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या. अण्णांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आल्या दिवसापासून माहेर चालवणारी. मला तेव्हा सव्विसावं लागलं होतं. चष्मा होता, उंची बापाची घेतली होती, आणि बघायला आलेल्या मंडळींसमोर खाली मान घालून बसायचं तर समोरच्याच्या डोक्याचं टक्कल दिसायचं. दोन-तीन ठिकाणांहून नकार आल्यावर आत्याने बोइसरचं स्थळ काढलं. गृहस्थ बिजवर, किराणा मालाचं दुकान, दोन मुलं. आत्या अण्णांना म्हणाली, "भाऊ, बाजार उठायच्या वेळेला भाव धरून बसायचं नसतं. थोडा उतरवावा आणि मोकळं व्हावं." मी मांडवाजवळ काठी घेऊन उभी होते, मला ऐकू जात होतं. अण्णा भावाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. दादरच्या आडत्यांशी ते एका टोपलीवरून तासभर भांडत. मला वाटलं, आता बोलतील. ते पानं मोजत राहिले. त्या दिवशी मला कावळ्यांचा फार राग आला होता.

माझ्याजवळ एकच आशा होती. वसईत एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला शिकले होते. डीटीपी म्हणत तेव्हा त्याला, आणि ते शब्द उच्चारताना माणूस आपोआप ताठ बसायचा. वालीवच्या एका छापखान्याच्या मालकांनी माझं काम बघून सांगितलं, "पोरी, घरी स्वतःचं मशीन असेल तर जानेवारीपासून लग्नपत्रिकांचं सगळं काम तुला. नसेल तर मला दुसरं कोणी बघावं लागेल." मी घरी येऊन जाहीर केलं की मशीन आलं तर मी कमावणार, आणि कमावणार तर बोइसरला जाणार नाही. आत्याने अट घातली. नाताळच्या सुमारास मशीन घरात आलं तर ती दोन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाही. नाही आलं तर बोइसरच्या मंडळींना नव्या वर्षात होकार. अण्णांनी दोघींकडे पाहिलं आणि "ठीक" म्हणाले. दुसऱ्यांच्या लग्नांच्या पत्रिका करून आपलं लग्न टाळायचं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. माझं लग्न पुढे झालं, माझ्या मनासारखं झालं, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यातला नायक हे लिखाण तपासणार असल्यामुळे इथे जास्त बोलत नाही.

तर अण्णा कामाला लागले. क्लासच्या सरांकडून त्यांना कळलं की कॉम्प्युटर तैवानकडे पिकतो. मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन त्यांनी भाव काढला आणि दुकानदाराला तैवानचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, "काका, तिकडे स्वस्तच मिळणार. पण इथे घेतलंत तर बिघडल्यावर आमचा माणूस वर्षभर घरी येईल, त्याचे पैसे यातच आहेत." अण्णांना हे अजिबात पटलं नाही. घरी येऊन ते आईला सांगत होते, "मी केळ्याचा घड विकतो तेव्हा केळ्याबरोबर वर्षभर गिऱ्हाइकाच्या घरी जातो काय?" त्यांनी पंपाच्या खोलीच्या दारावर चुन्याने भाव लिहायला सुरुवात केली. एरवी तिथे वसई, बोरिवली, दादर असे केळ्याचे भाव असायचे. त्याच्याच खाली सिंगापूर, अमेरिका आले. परदेशातून कुणीही आलं, मग ते कुणाच्या मयताला आलेलं का असेना, की अण्णा सांत्वन करून झाल्यावर हळूच विचारायचे, "तुमच्याकडे कॉम्प्युटर काय भावाने उतरतो?"

यात आणखी एक घोटाळा होता. क्लासचे सर म्हणायचे, थांबा, पंधरा दिवसांत भाव अजून पडेल. आणि तो खरोखर पडायचा. अण्णांनी असा माल जन्मात पाहिला नव्हता. कांदा पडतो तो परत चढतो, टोमॅटो पडतो तो परत चढतो. हा फक्त पडतच होता. "नासका माल असणार," ते म्हणाले, "नाहीतर एवढी घाई कशाला?" आणि मग भाव पडतोय म्हणून ते थांबले, आणि थांबले म्हणून तो आणखी पडला, म्हणून ते आणखी थांबले. दारावरचे आकडे पुसून पुसून ते दार त्या भागात पांढरं झालं. इकडे नोव्हेंबर सरत आला. आत्याने माझ्यासाठी एक मोरपंखी साडी आणून आईच्या कपाटात ठेवली, कुणाला काही न सांगता, पण सगळ्यांना दिसेल अशी.

कोंडी फोडली ती इनासने. इनास म्हणजे लुसीवहिनीचा नवरा, दुबईला एका गोदामात कामाला. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा आणि त्यांच्या घरी फोनभोवती अर्धी आळी जमायची. लुसीवहिनीचं बोलणं होईपर्यंत अण्णा दारात चपला काढून उभे राहायचे. एका शुक्रवारी त्यांनी रिसीव्हर घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आकडा ऐकून त्यांनी कानावरून रिसीव्हर काढून त्याच्याकडे पाहिलं. इथल्यापेक्षा तो पार खाली होता.

"इनास, दुबईत कॉम्प्युटर पिकतो?"

"दुबईत काय पिकतंय काका. सगळं भायेरनं येतं. पानीसुद्धा."

"मग पिकत नाही तिथं स्वस्त कसा?"

"नाकाच नाय ना इथं. बोटीतनं उतरला की दुकानात. कोन मदी घेत नाय, घेतला तरी लय थोडा."

अण्णा रिसीव्हर हातात धरून बोटांवर नाके मोजू लागले. फोनचे पैसे इनासचे जात होते, त्यामुळे लुसीवहिनीच्या चेहऱ्यावर चिंता दिसत होती. चाफ्याच्या टोपल्या घेऊन दहिसरच्या जकात नाक्यावर ज्याने उभं आयुष्य ताटकळत घालवलं, त्याला कुणीतरी सांगत होतं की जगात नाका नसलेलं गाव आहे. घरी येताना ते मला म्हणाले, "बाय, इतकी वर्षं मी उलटं समजत होतो. माल कुठे पिकतो त्यावर भाव नसतो. मध्ये किती हात आहेत त्यावर असतो." परवा माझा भाचा मोबाइल काढून तीच वस्तू तीन देशांत तीन भावाने कशी मिळते ते मला दाखवत होता आणि हे असं का म्हणून चिडत होता. मी त्याला अण्णांचा सिद्धांत सांगितला. त्याने तो आदराने ऐकून घेतला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

इनास नाताळला येणारच होता. त्याने तिथे मशीन घेतलं, पंधरा दिवस खोलीवर स्वतः वापरलं, त्यावर पत्त्यांचा खेळ शिकला, आणि येताना आपल्या बाकी सामानाबरोबर मागाहून विमानाने येईल अशा बेताने पाठवून दिलं. माणूस आधी आला, माल नंतर. माल सोडवायला सहारला जायचं ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, "मुंबईला चाललाच आहेस, तर पाटल्यांचे पैसे पण घेऊन जा. येताना दादरच्या सोनाराकडून करून आण. तो कॉम्प्युटर येईल नाहीतर अडकेल. पाटल्या आज ना उद्या लागणारच, आणि सोनं काही पडत नाही." अण्णांनी बंडीच्या उजव्या खिशात कस्टमचे पैसे ठेवले आणि डाव्या खिशात पाटल्यांचे. मी ते पाहत होते. माझं सगळं भविष्य अण्णांच्या छातीवर दोन बाजूंना विभागून ठेवलेलं होतं, आणि डावी बाजू जास्त फुगलेली होती.

आमचा फुलांचा टेम्पो इनासने चालवला. सहारला मालाच्या गोदामात एका लांबलचक टेबलामागे कस्टमचे साहेब बसले होते. पन्नाशीचे, सर्दीने बेजार, बोलण्यावरून साताऱ्याकडचे, आणि नाताळ तोंडावर म्हणून जरा मऊ. त्यांनी इनासचं खोकं उघडायला लावलं. ब्लँकेटं निघाली, दुधाच्या पावडरीचे डबे निघाले, एक चावीचं माकड निघालं, आणि त्याखालून मशीन. साहेबांनी शिंक दाबत विचारलं, "वापरलेलं आहे?"

"होय सायेब," इनास म्हणाला. "पंधरा दिवस रूमवर वापरलाय."

"मग ठीक. वापरलेलं घरगुती सामान. भाव उतरवून धरतो, ड्यूटी कमी बसेल." त्यांनी पेन उघडलं.

तोवर अण्णा माझ्या शेजारी शांत उभे होते. आता ते पुढे झाले. "उतरवून कशाला?"

साहेबांनी वर पाहिलं. "हे कोण?"

"शेजारचे काका," इनास घाईने म्हणाला. "टेंपो त्यांचाय."

"काका, तुमच्या फायद्याचंच आहे. जुना माल म्हटलं की पैसे कमी पडतात."

"जुना कुठून? बघा तरी. डाग आहे काय एक? चीर आहे? हात लावून बघा." अण्णांनी मॉनिटर फिरवून दाखवला. मी त्यांना दादरला असंच चाफ्याची टोपली फिरवताना पाहिलेलं होतं. समोरचा आडत्या माल कालचा म्हणाला की त्यांचा आवाज असाच खाली उतरायचा. आयुष्यभर त्यांच्या मालाला जो कोणी नाव ठेवायचा तो भाव पाडण्यासाठी ठेवायचा, आणि भाव पाडणाऱ्यासमोर वाकायचं नाही एवढंच त्यांना येत होतं. इथे भाव पडल्याने पैसे वाचणार होते, ही उलटी तऱ्हा त्यांच्या हाडात शिरेना.

साहेब समजुतीने एक आकडा बोलले. अण्णांनी त्याच्या वरचा सांगितला. साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्याने तोच आकडा परत सांगितला. अण्णा आणखी वर गेले. मागच्या रांगेतले लोक पुढे येऊन ऐकू लागले. तिथे रोज माल कवडीमोल आहे हे पटवायला लोक घसा कोरडा करतात. चढवणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. इनासने अण्णांच्या पायावर पाय ठेवला. अण्णांनी तो बाजूला काढला. मी मागून त्यांची बंडी ओढली, तर त्यांनी न बघता माझा हात थोपटला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे मशीन नक्की आहे कुणाचं?"

इनासने डोळे मिटले.

"माझ्या मुलीचं," अण्णा म्हणाले. "ही बघा. हिच्यासाठी मागवलंय. ही त्याच्यावर पत्रिका करणार आहे. वालीवला छापायच्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी उंच होते की लपायची सोय नव्हती. "म्हणजे याचं वापरलेलं सामान नाही हे. नवीन वस्तू म्हणून पूर्ण ड्यूटी बसेल. विचार करून सांगा काका, मी अजून काही लिहिलेलं नाही."

"नवीनच आहे. पूर्ण भावाने लिहा."

उजवा खिसा रिकामा झाला आणि पुरला नाही. मग अण्णांनी डाव्या खिशात हात घातला. पाटल्या माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर एकेक नोट होऊन पसरल्या आणि आत गेल्या. पावती घेऊन बाहेर आल्यावर इनास टेम्पोला टेकून उभा राहिला. "काका, एवढ्यात लॅमिंग्टन रोडला मिळाला असता. वर्सभर मानूस घरी येनारा." अण्णा म्हणाले, "हेच तर. इथला भाव आणि तिथला भाव एकच आहे. फरक आहे तो नाक्याचा. मी म्हणत नव्हतो?" आणि त्यांनी समाधानाने पानाची चंची उघडली. एवढे पैसे खर्चून आपलं म्हणणं सिद्ध झाल्याचा आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

परतताना अण्णा आणि मी मागे बसलो, मशीन आमच्या मध्ये. टेम्पोत चाफ्याच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. सवयीने त्यांनी ओलं गोणपाट उचललं आणि माल सुकू नये म्हणून मॉनिटरवर पसरायला घेतलं. मी ते हिसकावून घेतलं आणि माझा राग एकदम बाहेर आला. "अण्णा, तो कमी करत होता. वापरलेलंच होतं ते. तुम्हाला माहीत होतं."

ते गोणपाटाकडे बघत राहिले. घोडबंदरची खाडी मागे गेली. वालीवचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "समोर बसून कोणी उतरव म्हणतो आणि आपण गप्प बसतो, तेव्हा ते घरी येऊन झोपू देत नाही. दोन महिने झोपलो नाही मी, बाय. आज बोललो."

मी मॉनिटरला दोन्ही हातांनी धरून रडले. रस्त्याला खड्डे होते, त्यामुळे ते फारसं कळलं नसावं.

घरी आत्या मांडवाशी उभी होती, काठी हातात. मी नव्हते म्हणून कावळे तिच्या वाट्याला आले होते. इनासने खोकी उतरवली, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मशीन मांडलं आणि बटण दाबलं. ते लागलं. कीबोर्डवर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं होती, ती बघून आई म्हणाली की नक्षी छान आहे. पुढे त्या अक्षरांवर मी मराठीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि या परगण्यातली कितीतरी लग्नं त्या अरबी नक्षीवर बोटं आपटून लावली. बोइसरच्या त्या गृहस्थांची पत्रिकासुद्धा मीच केली. चांगली झाली होती. पण त्या दिवशी आत्याने मशीनकडे पाहिलं, मग अण्णांच्या बंडीच्या चपट्या झालेल्या डाव्या खिशाकडे पाहिलं, आणि तिला न विचारताच सगळं कळलं. तरी तिने विचारलं.

"केवढ्याला पडला, भाऊ?"

अण्णा दारात बसून पायाची माती झाडत होते. दुनियेचे भाव चुन्याने लिहिणारा माणूस, मला वाटलं आता आकडा सांगेल, वर नाक्याचा हिशेबही मांडेल.

"विकायचं नाही त्याचा भाव कशाला विचारतेस, ताई?" ते म्हणाले.

आत्याने काठी माझ्या हातात न देता भिंतीला टेकवून ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.